अमेरिकेतल्या चुरशीच्या राज्यांचे पोल कसे वाचावेत: नव्याने बघणाऱ्यांसाठी

पुढची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ला आहे. त्याच्या बऱ्याच आधीपासून ‘पेनसिल्व्हेनियात अमुक २ टक्क्यांनी पुढे’, ‘मिशिगनमध्ये तमुकची मुसंडी’ अशा बातम्यांचा रतीब सुरू होईल. आपल्या वाहिन्याही त्यातला सगळ्यात चमचमीत आकडा उचलून मथळा करतील. हे पोल म्हणजे मतदानाआधीच्या जनमत चाचण्या. त्यांचे आकडे पहिल्यांदाच नीट बघायचे ठरवलेल्यांसाठी हा लेख आहे. संख्याशास्त्र येत नसेल तरी हरकत नाही, टक्केवारी काढता आली की पुरे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. चुरशीच्या राज्यात कोण जिंकणार हे पोल सांगू शकत नाही, कारण तिथे जिंकणाऱ्या-हरणाऱ्यातला फरक पोलच्या नेहमीच्या चुकीपेक्षा लहान असतो. तरी मी पोल वाचतो, आणि तुम्हीही वाचा. कोण खरोखर शर्यतीत आहे, हवा कुठल्या गटात फिरते आहे आणि उद्या कुठल्या निकालाने दचकायचे नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

१. आधी नकाशा पक्का करा

अध्यक्ष थेट देशभरातल्या एकूण मतांवर निवडून येत नाही. राज्यांना मिळून ५३८ ‘इलेक्टोरल’ मते वाटून दिलेली आहेत आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकी सगळीकडे राज्यात पहिला येणाऱ्याला तिथली सगळीच्या सगळी मते मिळतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात ३० लाखांनी जिंका की ३ मतांनी, हाती पडते तेवढेच.

२०२४ साली खरी लढत सात राज्यांत होती: पेनसिल्व्हेनिया (१९ मते), नॉर्थ कॅरोलायना (१६), जॉर्जिया (१६), मिशिगन (१५), ॲरिझोना (११), विस्कॉन्सिन (१०) आणि नेव्हाडा (६). एकूण ९३. राज्यांच्या मतांची वाटणी २०२०च्या जनगणनेवरून झालेली असल्याने २०२८मध्येही हे आकडे हेच राहतील. यादी मात्र तीच राहील असे नाही. एकेकाळी ओहायो आणि फ्लोरिडा यांच्याशिवाय चुरशीच्या राज्यांची चर्चा सुरूच होत नसे; आज ती दोन्ही रिपब्लिकनांच्या खात्यात धरली जातात.

२. देशाचा पोल आणि राज्याचा पोल वेगळे ठेवा

नवख्या वाचकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मथळ्यातला पोल बहुतेक वेळा देशभराचा असतो, निकाल मात्र राज्यांत लागतो. २०१६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना देशात रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा २.१ टक्के मते जास्त मिळाली, म्हणजे जवळपास २९ लाख. तरी त्या हरल्या. मिशिगन १०,७०४ मतांनी गेले, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी. तिन्ही मिळून ७८ हजारसुद्धा नाहीत.

२०२० साली डेमोक्रॅट जो बायडेन देशात ४.५ टक्क्यांनी पुढे होते. वरवर आरामात जिंकले असे वाटते, पण ज्या विस्कॉन्सिनने त्यांना २७०पर्यंत नेले तिथली आघाडी जेमतेम ०.६ टक्का होती. म्हणजे देशात डेमोक्रॅटिक उमेदवार ३ टक्क्यांनी पुढे असला, तरी तो त्या वर्षी हरला असता. मग लोकांनी ‘डेमोक्रॅटना ३ टक्के लागतातच’ असे पाठ करून टाकले आणि २०२४ने तेही मोडले: ट्रम्प देशात १.५ टक्क्यांनी जिंकले आणि निर्णायक पेनसिल्व्हेनियात १.७ टक्क्यांनी. ही दरी दर निवडणुकीत बदलते. तेव्हा गेल्या वेळचा आकडा या वेळी वापरू नका, सरळ राज्यांचे पोल उघडा.

आपल्याकडच्या एक्झिट पोलची सवय असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आपले पोल जागा सांगतात, आणि मतांवरून जागा काढताना मोठी गफलत होऊ शकते. २०२४च्या लोकसभेला बहुतेकांनी एनडीएला ३५०च्या वर नेऊन ठेवले होते, मिळाल्या २९३. अमेरिकेतला राज्याचा पोल फक्त मतांची टक्केवारी सांगतो, तीही मतदानाच्या आधीची. मतदानाआधीचे ४८ तास गप्प बसायचे, असा आपल्यासारखा नियमही तिथे नाही. पोल आदल्या संध्याकाळपर्यंत येत राहतात.

३. मथळा सोडा, तळटीप वाचा

पोल हाती आला की मी आघाडीच्या आकड्याआधी पाच गोष्टी बघतो.

पहिली, तारखा. प्रसिद्ध झाला तो दिवस नव्हे, प्रश्न विचारले ते दिवस. २०२४मध्ये २७ जूनला बायडेन-ट्रम्प वादचर्चा झाली, १३ जुलैला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. जुलैअखेर छापलेल्या पोलमधले फोन १५ तारखेला केलेले असतील, तर तो पोल मैदानात नसलेल्या उमेदवाराबद्दल बोलत असतो.

दुसरी, कोणाला विचारले. सगळे प्रौढ, नोंदणीकृत मतदार की ‘मतदान करण्याची शक्यता असलेले’ मतदार? निवडणूक जवळ आली की तिसराच प्रकार बघायचा. पण शक्यता कोणाची हे प्रत्येक संस्था आपापल्या गाळणीने ठरवते. कोणी मागच्या मतदानाची नोंद बघते, कोणी नुसते विचारून घेते. २०१२मध्ये गॅलपसारख्या जुन्या संस्थेने शेवटच्या पोलमध्ये रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना १ टक्क्याने पुढे दाखवले आणि डेमोक्रॅट बराक ओबामा जवळपास ४ टक्क्यांनी जिंकले. त्यात या गाळणीचाही वाटा होता. पुढच्या निवडणुकीपासून गॅलपने कोण पुढे, कोण मागे हे मोजणेच बंद केले.

तिसरी, कसे विचारले. माणूस फोन करतो, मोबाइलवर मेसेज करून लिंक पाठवली जाते, की ऑनलाइन पॅनेलमधल्या लोकांकडून फॉर्म भरून घेतात? फोन म्हणजे खात्रीचा, हा समज आता सोडावा लागेल. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत. २०१८मध्ये ६ टक्के. न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेज यांच्या २०२२च्या पोलमध्ये फिरवलेल्या नंबरांपैकी फक्त ०.४ टक्क्यांतून पूर्ण मुलाखत मिळत होती. हजार जणांशी बोलायचे तर अडीच लाख फोन! जे उचलत नाहीत ते उचलणाऱ्यांसारखेच असतात का, यावर या सगळ्या धंद्याचे नशीब टांगलेले आहे.

चौथी, पैसे कोणी दिले. वर्तमानपत्राचा किंवा विद्यापीठाचा पोल कसाही येवो, छापला जातो. प्रचारयंत्रणेने स्वतःसाठी केलेला पोल मात्र सोयीचा असेल तेव्हाच बाहेर ‘फुटतो’. असा पोल दिसला की त्यातली आघाडी दोन-चार टक्के कापूनच वाचा.

पाचवी, बेरीज किती होते. ४९–४८ आणि ४३–४२ यांत आघाडी एकच, पण दुसऱ्यात १५ टक्के अजून मोकळे आहेत. २०१६च्या शेवटच्या आठवड्यात मार्क्वेट लॉ स्कूलच्या पोलने विस्कॉन्सिनमध्ये क्लिंटन ४६, ट्रम्प ४० असे दाखवले. सगळे ६ टक्क्यांकडे बघत बसले, उरलेल्या १४ टक्क्यांकडे कोणी बघितले नाही. शेवटी ठरवणाऱ्यांतले बरेच जण ट्रम्प यांच्याकडे गेले आणि राज्य पाऊण टक्क्याने फिरले.

४. अधिक-उणेचा हिशेब स्वतः करून बघा

प्रत्येक पोलखाली ‘अधिक-उणे ३.५ टक्के’ असे काहीतरी असते. ते नमुन्याच्या आकारावरून येते: ४०० जण विचारले तर साधारण ५, ६०० असतील तर ४, ८००ला ३.५ आणि १,०००ला ३.१. नमुना चौपट केला तेव्हा कुठे चूक निम्मी होते, म्हणून राज्याचे पोल सहसा ८००–१,०००च्या पुढे जात नाहीत. खर्च परवडत नाही.

समजा पेनसिल्व्हेनियात ८०० जणांचा पोल आहे: अ ४९, ब ४७. ते ३.५ प्रत्येक उमेदवाराला वेगळे लावायचे. म्हणजे अ ४५.५ ते ५२.५च्या मध्ये कुठेही, ब ४३.५ ते ५०.५च्या मध्ये. आणि आघाडीवरची चूक जवळपास दुप्पट, म्हणजे ७. तेव्हा ‘अ २ टक्क्यांनी पुढे’ याचा खरा अर्थ ‘अ ५ टक्क्यांनी मागे ते ९ टक्क्यांनी पुढे’ असा होतो. पुढच्या आठवड्यात तोच पोल ब १ टक्क्याने पुढे दाखवू लागला, तर काहीच घडलेले नसण्याची शक्यता दांडगी. वाहिन्यांवर त्याला ‘बाजी पलटली’ म्हणतात.

शिवाय हे सगळे फक्त नमुन्यातल्या योगायोगाचे. फोन न उचलणारे, चुकीची गाळणी, शेवटच्या क्षणी मन बदलणारे यांचा त्यात समावेश नसतो. जुने पोल निकालांशी ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना प्रत्यक्षातली चूक छापील आकड्याच्या साधारण दुप्पट आढळली आहे.

५. वजन म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाला वाटले, शिते भरपूर घेतली की झाले. टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्या घेऊन त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असे जाहीर झाले. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे असणार? लँडन यांना मिळाली मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्ये. बाकी सगळी रूझवेल्ट यांना. त्यापेक्षा कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांचा अंदाज बरोबर आला.

आज नमुना राज्यासारखा दिसावा म्हणून उत्तरांना वजन देतात. कागदावर करून बघू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत. एका राज्यात ३८ टक्के मतदार पदवीधर, ६२ टक्के बिनपदवीचे. पदवीधर पोलला जास्त उत्तरे देतात, म्हणून तुमच्या नमुन्यात ५५ पदवीधर आणि ४५ बिनपदवीचे आले. पदवीधरांत डेमोक्रॅट ५७–४० पुढे, बिनपदवीच्यांत रिपब्लिकन ५४–४३ पुढे. नमुना आहे तसा मोजला तर डेमोक्रॅट ५०.७, रिपब्लिकन ४६.३, साडेचार टक्क्यांच्या आसपास आघाडी. आता ३८–६२ हे खरे प्रमाण लावा: डेमोक्रॅट ४८.३, रिपब्लिकन ४८.७. एकही उत्तर बदलले नाही, फक्त कोणाला किती मोजायचे ते बदलले आणि राज्य एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले.

२०१६मध्ये हे खरोखर घडले. राज्यांच्या कितीतरी पोलनी शिक्षणाचे वजन लावलेच नव्हते, कारण आधीच्या निवडणुकांत पदवीमुळे गोऱ्या मतदारांत एवढा फरक पडत नसे. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने नंतर चौकशी केली तेव्हा शेवटच्या क्षणी ठरवणारे मतदार आणि हे न लावलेले वजन ही दोन कारणे ठळकपणे पुढे आली. म्हणून पोलच्या टिपेत ‘शिक्षण’ हा शब्द शोधा. मग ‘मागच्या वेळी कोणाला मत दिले’ त्यानुसार वजन दिले आहे का, तेही बघा. दिले असेल तर तो पोल मागच्या निकालाच्या जवळ राहतो. उड्या कमी मारतो, पण हवा खरीच फिरली असेल तर उशिरा सांगतो.

वजनाचा अतिरेकही होतो. २०१६च्या लॉस एंजेलिस टाइम्स आणि यूएससी विद्यापीठ यांच्या पोलमध्ये इलिनॉयमधल्या १९ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या उत्तराला सरासरीच्या ३० पटींपर्यंत वजन मिळत होते, कारण त्या गटातले फारच थोडे लोक नमुन्यात होते. तो ट्रम्पसमर्थक होता. त्याने फॉर्म भरला की राष्ट्रीय पोलमधली ट्रम्प यांच्या कृष्णवर्णीय पाठिंब्याची रेघ वर, नाही भरला की खाली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची कच्ची उत्तरे आणखी चार नामांकित तज्ज्ञांना दिली. उत्तरे तीच, तरी एकाने क्लिंटन ४ टक्क्यांनी पुढे काढल्या तर दुसऱ्याने ट्रम्प १ टक्क्याने. हा प्रयोग लक्षात ठेवला तर पुढे एकाही पोलवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

६. एकटादुकटा पोल नको, सरासरी बघा

रिअलक्लिअरपॉलिटिक्स, न्यूयॉर्क टाइम्स, निवडणुकांचे अंदाज मांडणारे नेट सिल्व्हर यांचे सिल्व्हर बुलेटिन हे सगळे पोलची सरासरी देतात. (पोलची सरासरी आणि अंदाज देणारे फाइव्हथर्टीएट हे संकेतस्थळ आता शोधू नका, ते मार्च २०२५मध्ये बंद झाले.) एक सरासरी निवडा आणि तीच शेवटपर्यंत बघा. आज इथली, उद्या तिथली असे केले की आपल्याला हवा तो आकडा आपण नकळत निवडतो.

वेगळा पडलेला पोल सरासरीत टाका आणि पुढे चला. आयोवातल्या ॲन सेल्झर यांच्या पोलला फार मान होता, आणि तो मिळवलेला होता: २०१६ आणि २०२०मध्ये ट्रम्प ७ टक्क्यांनी पुढे असल्याचे त्यांनी सांगितले आणि ते अनुक्रमे ९ आणि ८ टक्क्यांनी जिंकले. २०२४मध्ये मतदानाच्या तीन दिवस आधी त्यांच्या पोलमध्ये बायडेन यांच्या जागी उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅट कमला हॅरिस ४७–४४ने पुढे आल्या. रातोरात आयोवाची गणना चुरशीच्या राज्यांत होऊ लागली. ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले. तरीही मी म्हणेन, तो पोल छापला हे बरेच झाले. वेगळे आकडे दडपून सगळ्यांनी एकमेकांच्या जवळपासचे आकडे द्यायचे ही कळपाची खोड जास्त घातक आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये चुरशीच्या राज्यांतले पोल एकामागून एक बरोबरी, १ टक्का, पुन्हा बरोबरी असेच येत होते. योगायोगाने तरी एखादा ५ टक्क्यांचा यायला हवा की नाही?

७. सातही राज्ये एकदम एका बाजूला घसरू शकतात

‘सातपैकी चार इकडे, तीन तिकडे’ असा हिशेब लोक मांडतात, जणू प्रत्येक राज्यात वेगळे नाणे उडवले जाणार आहे. पण विस्कॉन्सिनमध्ये जो मतदार फोन उचलत नाही, त्याचाच भाऊबंद मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियातही उचलत नाही. चूक सगळीकडे एकाच दिशेने होते.

२०२०मध्ये विस्कॉन्सिनच्या सरासरीत बायडेन ८ टक्क्यांच्या वर होते, एका नावाजलेल्या पोलने तर १७ टक्के दिले होते. निकाल ०.६. त्या वर्षी देशाच्या पोलमधली चूक गेल्या ४० वर्षांत सगळ्यात मोठी होती आणि तिचे नेमके कारण जनमत संशोधकांच्या संघटनेच्या चौकशी समितीलाही सापडले नाही. २०२४ला चूक तुलनेने लहान होती, दोन-तीन टक्क्यांची. पण सातही राज्ये बरोबरीच्या आसपास असल्याने तेवढ्यात सातच्या सात ट्रम्प यांना गेली: विस्कॉन्सिन ०.९ टक्क्याने, ॲरिझोना ५.५ने. लोक चकित झाले. वास्तविक सिल्व्हर यांच्या गणितात सगळ्यात जास्त वेळा येणारा निकाल हाच होता, आणि त्याच्या खालोखाल हॅरिस यांनी सातही जिंकणे.

म्हणून मी प्रत्येक राज्याच्या सरासरीपुढे तीन रकाने आखतो: आहे तशी, ३ टक्के डेमोक्रॅटांकडे सरकवलेली आणि ३ टक्के रिपब्लिकनांकडे सरकवलेली. मग तिन्ही रकान्यांत २७०ची बेरीज. दहा मिनिटांचे काम आहे, आणि वाहिनीवरच्या तासाभराच्या चर्चेपेक्षा जास्त कळते.

८. उपगट आणि ‘जिंकण्याची शक्यता’

८०० जणांच्या पोलमध्ये तरुण कृष्णवर्णीय पुरुष ३०–४०च असतात. त्यांच्यावरची चूक १५ टक्क्यांच्या पुढे जाते. त्यावरून ‘हा गट फिरला’ म्हणणारी बातमी वाचायचीही गरज नाही. भारतीय वंशाच्या मतदारांबद्दल तर राज्याच्या पोलवरून काहीच सांगता येत नाही. त्यासाठी वेगळा पोल लागतो. २०२४मध्ये कार्नेगी ही अभ्याससंस्था आणि यूगव्ह ही पोल करणारी कंपनी यांनी देशभरातल्या ७१४ भारतीय-अमेरिकनांना विचारले तेव्हा हॅरिस ६१, ट्रम्प ३२ आले. तोही देशाचा; जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या किंवा नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीच्या मराठी घरांनी काय केले, हे त्यातून निघत नाही.

आणि ‘७० टक्के’ दिसले की विचारा: मते की शक्यता? २०१६ला फाइव्हथर्टीएटने ट्रम्प यांच्या विजयाची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास दिली होती. तीन-चार वेळांत एकदा घडणारी गोष्ट घडली, एवढेच. सट्टाबाजारातले भाव हाही पोल नव्हे.

९. तुम्हालाच मेसेज आला तर

या राज्यांत राहणाऱ्या मराठी नागरिकांना अनोळखी नंबरवरून लिंक येतात. खरा पोल देणगी मागत नाही, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा बँकेचा तपशील विचारत नाही. प्रश्नच ‘अमुकने असा घोटाळा केला हे कळल्यावर तुमचे मत काय?’ अशा चालीचे असतील तर तो पोलच्या नावाखालचा प्रचार समजा आणि बंद करा. खरा वाटला तर मात्र जरूर उत्तर द्या; आपल्यासारखे लोक नमुन्यात कमी पडतात.

१०. ताळा उशिरा करा

मतमोजणीच्या रात्री पोल बाजूला ठेवा. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन इथे टपाली मते मतदानाच्या दिवसाआधी उघडायला परवानगी नव्हती, त्यामुळे आधी एक पक्ष पुढे दिसतो आणि पहाटे चित्र बदलते. देशाचा आकडा तर कॅलिफोर्नियाची मोजणी संपेपर्यंत काही आठवडे हलत राहतो. २०२४ला ट्रम्प यांची दुसऱ्या दिवशी दिसणारी आघाडी हळूहळू उतरत १.५ टक्क्यावर आली. ‘पोल चुकले’ किंवा ‘पोल खरे ठरले’ हा निवाडा पहिल्याच सकाळी करणाऱ्यांच्या हाती अर्धवट आकडे असतात. राज्यांनी निकाल प्रमाणित केले, की डिसेंबरमध्ये तुमचे तीन रकाने काढा आणि प्रत्येक राज्यात सरासरी कोणत्या बाजूला, किती चुकली ते चौथ्या रकान्यात लिहा.